ट्रायलवाले आप्पा

आमच्या घरी चाकांची खुर्ची आली ती सासूबाईंसाठी, पण तिच्यात आधी बसले ते ती घेऊन आलेले आप्पा. आप्पांचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत. खुर्ची त्यांनी स्वतः टेम्पोतून उतरवली, एकट्यानं उचलून उंबऱ्याच्या आत आणली, उघडली, ब्रेक दाबून पाहिले आणि मग पाटलासारखे ऐसपैस बसून मला म्हणाले, "हां बाई, ढकला."

मी शाळेत शिकवते. कोणी काही सांगितलं की आधी कारण विचारायची मला सवय आहे. "तुम्हाला कशाला ढकलू?" मी विचारलं.

"ट्रायल," आप्पा म्हणाले. "ट्रायल झाल्याबिगर आपली गाडी मार्गावर जात न्हाई."

मग त्या भरभक्कम गड्याला मी माझ्याच घरात ढकलत फिरले. आधी सैपाकघर. फ्रीजपाशी खुर्ची अडली. "फ्रीज सरकवा," आप्पांनी फर्मावलं. तो फ्रीज भिंतीला नीट लावा म्हणून मी आमच्या ह्यांच्या मागे कित्येक वर्षं लागले होते. आप्पांनी एकदा म्हटलं आणि फ्रीज सरकला. मग न्हाणीघर. तिथं आप्पांनी डोळे मिटले, अंग एका बाजूला झोकलं आणि हवेत हात चाचपडले. "हितं धरायला काय हाय? नळ? नळ धरला तर नळ हातात यील. दांडी बसवा." शेवटी खिडकी. "हितं विनंती थांबा," ते म्हणाले आणि जरा वेळ तिथंच थांबून बाहेर बघत बसले. "हितनं दूधवाला दिसतो. बरं हाय."

कॉटवरून सासूबाई हा सगळा तमाशा बघत होत्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. आत्या मला म्हणाल्या, "आजारी कोन हाय? मी का ह्यो?"

आप्पा एस.टी.त ड्रायव्हर होते. नगर-मनमाड रस्ता त्यांना तोंडपाठ आणि त्यांची भाषा अजून त्याच रस्त्यावर आहे. ते निवृत्त झाले त्याच सुमाराला आमच्या कोल्हारातल्या ज्येष्ठ मंडळींनी एक चांगली सोय काढली. म्हाताऱ्या आणि दिव्यांग माणसांना लागणारं सामान, म्हणजे खुर्च्या, वॉकर, कुबड्या, कमोड, हवेच्या गाद्या, हे सगळं गोळा करून लागेल त्याला उसनं द्यायचं. ठेवायला जागा कोणी देईना, तेव्हा आप्पांनी घराशेजारचं पत्र्याचं शेड दिलं. शेडबरोबर त्यांनी स्वतःलाही देऊन टाकलं. एक जुना टेम्पो घेतला आणि सामान घरपोच नेऊ लागले.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "कुठंशी जायचं?" घरच्यांना नाही, ज्याच्यासाठी खुर्ची आणली त्याला. कॉटवरचं माणूस बहुतेक वेळा म्हणतं, मला आता कुठं जायचंय? आप्पांना हे उत्तर मान्य नसतं. ठिकाण कळेपर्यंत ते हलत नाहीत. चहा झाला, दुपार झाली, तरी बसून.

नदीकडच्या एका वस्तीवर शिबिरात मिळालेली कोरी तीनचाकी सायकल गोठ्यात पडली होती. तिच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती. ज्यांच्यासाठी सायकल आणली ते तात्या पडवीत बसून होते. घरचे म्हणाले, आता तात्या कुठं जाणार? आप्पांनी तात्यांनाच विचारलं. तात्या आधी लाजले, मग हळूच म्हणाले, "सलूनात." बरेच दिवस घरातलंच कोणीतरी कात्री घेऊन त्यांचे केस भादरत होतं आणि तात्यांना आरशात बघवत नव्हतं. आप्पा लगेच उठले, सायकलपाशी गेले आणि कोंबडी बघून परत आले. "प्याशिंजर उतरल्याबिगर गाडी कशी सोडायची?" पिल्लं निघेपर्यंत ते अधूनमधून वस्तीवर जाऊन कोंबडीची चौकशी करत राहिले. मग एके दिवशी सायकल धुतली आणि तात्यांना वाजतगाजत सलूनात नेलं. वाजतगाजत म्हणजे टेम्पोचा हॉर्न वाजवत.

असा माणूस गावात सगळ्यांना माहीत असणारच. पण त्यांचा टेम्पो आपल्या दारात नको असतो कोणालाच. टेम्पो थांबला की शेजारीपाजारी समजतात, ह्या घरात कोणीतरी कायमचं खाटेला लागलं. आमच्या दारात थांबला त्या दिवशी शेजारच्या काकू लगबगीनं आल्या. "बाई, तेवढा टेम्पो पुढं घ्यायला सांगा. आमच्याकडं पोरीला बघायला पाव्हनं येनार हायेत." मला संताप आला. आप्पा मात्र हसत उठले, टेम्पो पार वळणापलीकडे लावून आले आणि परत खुर्चीत बसले. "हां. कुठवर आल्तो आपन?"

आपण आलो होतो उंबऱ्यापर्यंत. आणि आमचं सगळं गाडं तिथंच अडलेलं होतं.

आत्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. वॉकर धरून चार पावलं टाकता यायची, पण पाय उचलून काही ओलांडणं जमत नव्हतं. आणि आमचा उंबरा आहे काळ्या दगडाचा, चांगला वीतभर उंच. त्याच्या पलीकडे ओटा. ह्या ओट्यावर बसून आत्यांनी उभं आयुष्य गावाची खबर ठेवली. कोणाची सोयरीक जुळली, कोणाची मोडली, कोणाची सून माहेरून अजून का आली नाही, हे त्या घरच्यांना नंतर कळायचं आणि आत्यांना आधी. पडल्यापासून त्या ओट्यावर गेल्याच नव्हत्या. सुरुवातीला भांडायच्या, चहा पाणचट झाला म्हणायच्या. मग तेही बंद झालं. ताटात निम्मं टाकू लागल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडू लागल्या. मला भीती वाटायला लागली होती. माझ्याशी न भांडणारी सासू मला पाहवत नव्हती.

आप्पा उंबऱ्याशी खुर्चीतच थबकले. "रस्ता बंद," ते म्हणाले. "उद्या गवंडी आनतो. फोडून टाकू."

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आत्या ताडकन इकडे वळल्या. "फोडून? ह्या उंबऱ्यावरचं माप लवंडून आले मी ह्या घरात. लक्ष्मी हाय ती. घन घालायला आलात तर वॉकर फेकून मारीन."

"बरं, फळी टाकू वरनं. उतरती."

"लक्ष्मीच्या उरावर फळी?"

"मग दोघं-चौघं मिळून खुर्चीसकट उचलून न्हेऊ."

 आत्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "चौघांनी उचलून मला ह्या उंबऱ्याभाईर एकदाच न्यायचं. त्याला अजून वेळ हाय."

आमचे हे खाली बघू लागले. मी उगाच फ्रीज पुसायला गेले. आप्पांनी खुर्ची मागे घेतली, तिचा ब्रेक लावला आणि म्हणाले, "गाडी हितंच मुक्कामी ऱ्हाईल. मी येतो."

ते खरोखर रोज येऊ लागले. कधी वॉकरचं रबर बदलायला, कधी न्हाणीघरातली दांडी बसवायला, कधी कशालाच नाही. मध्येच ओट्याच्या पायऱ्यांवर सिमेंटची उतरण करून घेतली. पायऱ्यांत देव नसल्यामुळे आत्यांची हरकत आली नाही. प्रत्येक वेळी जाताना आप्पा विचारायचे, "आक्का, कुठंशी जायचं?" आणि आत्या म्हणायच्या, "मसनात." आप्पा म्हणायचे, "ती गाडी आपल्या डेपोची न्हाई."

एका गुरुवारी ते आले आणि आत्यांच्या समोर मांडी घालून बसले.

"आक्का, एक सांगा. तुमच्या उंबऱ्यात लक्ष्मी हाय ना?"

"हाय."

"बसलेली हाय का उभी?"

आत्यांनी ह्या प्रश्नाचा विचार कधी केला नव्हता. 

"उंबरा फरशीच्या वर आलाय, म्हंजे उभी हाय," आप्पा म्हणाले. "किती वर्सं उभी ठेवलीय बाईला! आन् उभं मानूस कवाबी निघून जातं. मी म्हनतो, बसवा तिला. दगड फोडायचा न्हाई, त्याला टवका उडू द्यायचा न्हाई. खाली खोल घ्यायचं आन् आख्खा उंबरा फरशीबरोबर बसवायचा. बसलं मानूस लवकर उठत न्हाई. आता तुमच्याकडंच बघा."

 वॉकर आत्यांच्या हाताशीच होता.

"आन् वरनं चाकं जातील त्याचं काय?" आत्यांनी विचारलं.

"तिच्या मालकाच्या हातात काय असतं, आक्का? चक्रच ना? घरात रातंदिस चाक फिरतंय, तिला काय नवीन हाय?"

आत्या आप्पांकडे बघत राहिल्या. मग त्यांचा पदर हलू लागला, खांदे हलू लागले, आणि कित्येक आठवड्यांनी त्या हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. पाणी पिऊन म्हणाल्या, "उद्या शुक्रवार हाय. उद्याच बसवा."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. आत्या पहाटेच अंघोळ करून, नवं लुगडं नेसून खुर्चीत येऊन बसल्या होत्या. उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली. मग गवंड्यानं कामाला हात घातला आणि तो बिचारा दिवसभर दोघांच्या तावडीत सापडला. आत्या म्हणायच्या, पहार हळू लाव. आप्पा म्हणायचे, डावीकडनं घ्या, अजून घ्या, बस्स. गवंडी म्हणाला, "आप्पा, ह्यो दगड हाय, बस न्हाई." संध्याकाळी उंबरा फरशीत असा बसला की डोळे मिटून हात फिरवला तरी कळू नये. वर हळदीकुंकवाची बोटं तेवढी उठून दिसत होती. सिमेंट सुकेपर्यंत आणखी दोन दिवस थांबायचं होतं, आणि ते दोन दिवस आत्यांनी माझ्याशी मनसोक्त भांडण केलं. चहा पाणचट होता म्हणे. मला त्या भांडणानं जो धीर आला, तो डॉक्टरांच्या बोलण्यानंही आला नव्हता.

मग खुर्ची निघाली. मी ढकलत होते, आमचे हे पुढे वाकून चाकांकडे बघत होते. आत्यांनी उंबऱ्यापाशी हात जोडले. साधा धक्कासुद्धा बसला नाही. आम्ही ओट्यावर आलो, उतरणीवरून खाली आलो आणि आत्यांच्या तोंडावर ऊन पडलं. माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

खाली आप्पा उभे होते. "हां आक्का. आता तरी सांगा. कुठंशी जायचं?"

देवीला, असं त्या म्हणतील अशी आमची खात्री होती. मी पिशवीत नारळही घेतला होता. आत्या म्हणाल्या, "तुमच्या घरी."

आप्पांना वाटलं चेष्टा आहे. "माझ्या? माझ्याकडं काय हाय?"

"तेच बघायचंय," आत्या म्हणाल्या. "ह्यो मानूस सगळ्या गावाच्या घरात घुसतो. ह्याच्या घरी कोन जातं ते तरी बघू."

आप्पांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. वाटेत दर दारापाशी आत्यांना थांबावं लागत होतं, इतकी खबर साठली होती. आप्पा मात्र पुढे पुढे चालले होते आणि एकदाही मागे वळून बोलले नाहीत. घरापाशी पोचलो तेव्हा कळलं का ते.

त्यांच्या दाराला आमच्यापेक्षा उंच उंबरा होता.

गावभर उतरणी करत फिरणारा हा माणूस स्वतःच्या दारात ओशाळून उभा राहिला. "ऱ्हाऊन गेलं," ते म्हणाले. मग टोपी काढून हातात घेतली. "माझ्याकडं कोन येतंय, आक्का? मालकीन जाऊन लई वर्सं झाली. पोरगी तिकडं नाशकाला. गावात खुर्ची दिलेल्या घरी परत बोलावत न्हाईत. माझा टेम्पो दिसला की त्यांना त्यांचं गेलेलं मानूस आठवतं. त्यांची चूक न्हाई त्यात."

शेजारच्या काकूंसमोर हसत टेम्पो हलवणारे आप्पा मला आठवले आणि फार वाईट वाटलं. आत्यांना असलं काही होत नाही. "मी आत न्या म्हनले का?" त्या म्हणाल्या. "हितं सावली हाय. चहा टाका."

आप्पा उंबरा ओलांडून आत पळाले. भांड्यांचा आवाज आला, साखरेचा डबा पडल्याचाही आला. मग ते बाहेर आले आणि आम्हाला कशावर बसवावं ह्या विचारात पडले, कारण घरात खुर्ची अशी एकही नव्हती. शेवटी शेडमधून चाकांच्या तीन खुर्च्या आणल्या. मी एकीत बसले, हे दुसरीत, आप्पा तिसरीत, आणि आत्या आपल्या स्वतःच्या. रस्त्यानं जाणारा-येणारा आमच्याकडे थबकून बघत होता. चहा पाणचट होता. आत्या काहीच बोलल्या नाहीत, बशी निपटून प्यायल्या.

कप खाली ठेवून त्यांनी आप्पांच्या दाराकडे बोट केलं. "ह्यो कधी बसवायचा?"

"त्यो कशाला, आक्का? तुमी काय रोज येनार हाय व्हय?"

"रोज कशाला? घरी कामं न्हाईत का मला? शुक्रवारी येत जाईन."

 आप्पा खुर्चीतून उठले, दारापाशी जाऊन उकिडवे बसले आणि बोटं ताणून आपल्या उंबऱ्याची उंची वितीनं मोजू लागले.