बत्तीस किलोच्या उशा

कुरियरच्या गोदामात वजनकाट्यावर बसणाऱ्या बाईंना सगळे काटेबाई म्हणत. नवा मॅनेजर आला त्याच दिवशी त्यांनी ऐकवलं होतं, की साहेब, माझ्या काट्यावरून गेलेली वस्तू हरवत नाही. मॅनेजर हसला होता. मंगळवारी साडेअकराला मात्र त्याचं हसू पार मावळलं.

हॉस्पिटलला जाणारा डबा गायब होता! जेवणाच्या डब्याएवढाच, पण जाडजूड शिशाचा, आत तपासणीसाठी लागणारं किरणोत्सारी औषध. हॉस्पिटलचे तज्ज्ञ किरणं मोजायचं यंत्र घेऊन धावत आले. औषधाचा जोर तासातासाला ओसरतो. दोनच्या आत मिळालं नाही, तर हॉस्पिटलात सकाळपासून उपाशी बसलेल्या एका पेशंट बाईंची तपासणी हुकणार आणि उद्याचं ऑपरेशन लांबणार, असं त्यांनी सांगितलं. डबा बंद आहे तोवर घाबरायचं कारण नाही, हेही सांगितलं. पण ते ऐकायला थांबलंय कोण? सगळे हमाल केव्हाच रस्त्यापलीकडे पोचले होते. एकाने तर बायकोला फोन करून कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय ते सांगून टाकलं.

यंत्र कोपऱ्याकोपऱ्यात फिरलं. सगळीकडे गप्प. फक्त वॉचमनकाकांच्या छातीपाशी ते असं कडकडलं, की काका मटकन खालीच बसले. मग कळलं, की कालच त्यांच्या हृदयाची अशीच तपासणी झाली होती.

मॅनेजर डोकं धरून बसला. काटेबाईंनी चष्मा पुसला, वजनाची वही काढली आणि सकाळच्या नोंदींवरून बोट फिरवलं. त्या चहाला गेल्या होत्या तेवढ्या वेळातली एक नोंद हमालांनीच केली होती. बोट तिथे थांबलं.

"साहेब, एक डझन उशा बत्तीस किलोच्या कशा?"

हमालांच्या मुकादमाला पलीकडून बोलावलं. तो लांबूनच कबूल झाला. डब्यावर 'जपून हाताळा' लिहिलेलं, उशांचं पोतं त्याच गाडीने जाणार. धक्का लागू नये म्हणून त्याने डबा उशांमध्ये खुपसला होता. ड्रायव्हरला सांगायचं तेवढं राहिलं.

पोतं एका वसतिगृहात पोचलं होतं. काटेबाईंनी तिथल्या व्यवस्थापकांना फोन लावला आणि पोतं उघडू नका म्हणून बजावलं.

"उघडलं नाही," ते म्हणाले. "टेकून बसलोय. पण बाई, उशा फार टणक पाठवल्यात तुम्ही."

"सर, आधी उठा तिथून! आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसा."

तज्ज्ञांना शेजारी घेऊन काटेबाई स्वतः गाडीतून निघाल्या. डबा जसाच्या तसा सीलबंद होता. व्यवस्थापकांवरूनही यंत्र फिरवलं. ते गप्प राहिलं. पावणेदोनला औषध हॉस्पिटलात पोचलं, उपाशी बाईंची तपासणी झाली आणि ऑपरेशनची वेळ कायम राहिली. काटेबाई गोदामात परतल्या तेव्हा हमालांनी दारापासून काट्यापर्यंत टाळ्या वाजवल्या, आणि मॅनेजरने स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. त्यांनी तो काट्यावरच बसून, सावकाश प्यायला.

संध्याकाळी घरी त्यांनी सगळी हकीकत रंगवून सांगितली. नवरा थक्क झाला. सासूबाईंनी शेवटपर्यंत मान डोलावत ऐकलं, मग खुर्ची जरा मागे सरकवली.

"शाबास गं. आता आधी आंघोळ करून ये."

तज्ज्ञांनी काटेबाईंनाही तपासून 'काही नाही' म्हणून सांगितलं होतं. तरी त्यांनी दोनदा केली.