बाबुरावांनी पाटी कोरी केली

"उत्तरा, आजपासून तुझं वधू-वर मंडळ डोंबिवलीत एक नंबर!" बाबुरावांनी घोषणा केली आणि तळहाताएवढा कॉम्प्युटर ऐटीत चहाच्या कपाशेजारी ठेवला. तो त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेला. निवृत्त झाल्यापासून बाबुरावांना दोनच उद्योग होते, त्याची बटणं दाबणं आणि बायकोच्या कामात लुडबुड करणं. गेल्या दिवाळीत त्यांनी दोन्ही एकत्र केले. मंडळातली सगळी स्थळं, पत्ते, भेटींच्या वेळा यंत्रात भरल्या आणि उत्तराबाईंची कार्डं रद्दीत घालून मोकळे झाले!

आता भाच्याने फ्लॉपीवर त्या यंत्राचा नवा प्रोग्राम पाठवला होता. सोबत ताकीद होती, आधी यंत्रातलं जुनं सगळं पुसा, मगच नवं घाला.

"पुसा?" उत्तराबाईंच्या हातातलं लाटणं हवेतच थांबलं. "अहो, रविवारी विमलाबाईंच्या शीलाला बघायला येतायत! मुलगी सोन्यासारखी, पण एक स्थळ पसंत करेल तर शपथ! हे हुकलं ना, तर मी मंडळाला कुलूप लावीन. सांगून ठेवते!"

"अगं, पुसायच्या आधी सगळं पंढरीच्या यंत्रात उतरवून ठेवणार. मी काय दूधखुळा आहे?"

उत्तराबाईंनी लाटणं पोळीवर जरा जोरातच फिरवलं.

पंढरी हा बाबुरावांचा कळव्याचा मित्र. ढेकूण-झुरळं मारायचा त्याचा धंदा. बाबुरावांचं बघून त्यानेही हौसेने तसलंच यंत्र मागवलं होतं.

"बाबू, माझी गिऱ्हाइकं आहेत रे ह्याच्यात. मिक्स नाय ना होणार?"

"छे रे! तेल आणि पाणी कधी मिसळतं का?"

दोन्ही यंत्रं टेबलावर डोक्याला डोकं लावून ठेवली. टुंई! बाबुरावांची स्थळं पंढरीकडे गेली. मग बाबुरावांनी आपलं यंत्र पुसून स्वच्छ केलं, पंढरीच्या घरच्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडलं, फ्लॉपीवरून त्यात नवा प्रोग्राम घातला आणि पुन्हा टुंई! स्थळं परत. काम फत्ते! त्या खुशीत त्यांनी स्टेशनबाहेर एक वडापाव जास्तच हाणला.

गोची एवढीच झाली, की बाबुरावांकडे रविवारी दहाची एक भेट होती आणि पंढरीकडेही रविवारी दहाचीच एक होती. त्या टुंईटुंईत त्या दोन्ही भेटींच्या पत्त्यांची अदलाबदल झाली. बाबुरावांनी मुलाकडच्यांना फोनवर यंत्रातला पत्ता वाचून दाखवला. तिकडे पंढरीनेही आपल्या माणसाला तसाच वाचून दाखवला.

रविवारी सव्वादहाला फोन वाजला. विमलाबाई कुजबुजत होत्या. "बाबुराव, मुलगा आला हो. एकटाच आलाय. पण आल्या आल्या विचारतो, पलंग कुठाय?"

बाबुराव गडबडले. पण मंडळाच्या अब्रूचा प्रश्न होता! "अहो, मोकळा स्वभाव आहे! आजकालची मुलं ती!"

"आत जाऊन गाद्या उलटून बघितल्या त्याने!"

"चौकस आहे! संसाराला असाच माणूस हवा."

"आणि पाठीवर टाकी आहे."

"टाकी?" बाबुरावांनी कपाळावरचा घाम पुसला. "इंजिनियर आहे ना तो! सुट्टीच्या दिवशीसुद्धा काम सोडत नाही. तुम्ही पोहे द्या!"

फोन ठेवतात तोच पुन्हा खणाणला. मुलाचे वडील कल्याणच्या कुठल्याशा पीसीओवरून गरजत होते.

"कसली हो ही माणसं? मुलीचा पत्ता नाही, चहाचं नाव नाही! दार उघडलं आणि म्हणाले, 'आलात? चला, आधी कपाट धरा!' मुलाच्या मामांनी गाद्या खांद्यावरून गच्चीत नेल्या! आम्हाला वाटलं, तुमच्या मंडळाची काही रीत असेल!"

बाबुरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मागे उत्तराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि रिक्षा बोलावली.

विमलाबाईंच्या दिवाणखान्यात टाकी कोपऱ्यात उभी होती आणि पंढरीचा भागीदार गणू, केमिस्ट्रीचा पदवीधर, पोह्यांची दुसरी बशी संपवत होता.

"हा तो मुलगा नव्हे!" बाबुराव दारातूनच ओरडले. "हा ढेकणांचा माणूस आहे!"

"मी आल्यापासून तेच सांगतोय," गणू काकुळतीला आला. "पण काकू म्हणतात, आधी खा, मग बोल. खाल्लं की परत वाढतात!"

"मग! दारी आलेल्याला रिकाम्या पोटी बोलू द्यायचं?" विमलाबाई उसळल्या. "आणि ह्यांचं मूळ गाव राजापूर. आमचंही तिकडचंच!"

उत्तराबाईंचा चेहरा पार उतरला होता. "शीला, बाळा, चूक झाली गं आमची. खरा मुलगा..."

शीला पदरात तोंड लपवून हसत होती. "काकू, टाकी बघितली तेव्हाच मला कळलेलं. मुद्दामच गप्प बसले. आजवर जो आला त्याने विचारलं, स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. ह्यांनी विचारलं, रात्री शांत झोप लागते का? असं कुणी विचारतं का हो?"

गणूचा चमचा हातातच राहिला. "मला मात्र आज नाही लागणार," तो हळूच म्हणाला.

विमलाबाईंनी त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले. उत्तराबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांदेखत नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

बुधवारी कल्याणला गेलेल्या त्या मुलाच्या वडिलांचा फोन आला. बाबुरावांनी आवाज ओळखून आधी स्वतःचा कान पकडला, मग तोंड उघडलं. "साहेब, रविवारचं मनावर घेऊ नका..."

"ते राहू द्या हो." आवाज एकदम मवाळ होता. "मामांच्या कपड्यांतून त्या गाद्यांमधलं काहीतरी आमच्या घरी आलंय. सगळं घर नुसतं खाजवतंय! तुमच्या ओळखीत कुणी माणूस आहे का?"

"आहे ना! माणूस एक नंबर!" बाबुराव म्हणाले. "फक्त रविवारी जमणार नाही. रविवारी त्याचा साखरपुडा आहे."