चौथ्या वर्गाचा लेझर

प्रकाश हे ज्ञानाचं प्रतीक आहे, आणि ज्ञान डोळ्यांत घातल्याशिवाय लोकांना दिसत नाही. हे ओळखूनच सोलापुरातल्या एका गणेश मंडळानं मिरवणुकीत लेझर आणायचं ठरवलं.

धोक्यानुसार लेझरचे चार वर्ग असतात. पहिला गरीब गाय. चौथ्याचा थेट किरण तर सोडाच, चकचकीत पत्र्यावरून परतलेलाही डोळ्याचा पडदा भाजतो. अध्यक्ष गुरुसिद्धप्पांनी हे सगळं लेझरवाल्याकडून शांतपणे ऐकून घेतलं (ते सगळ्यांचंच ऐकून घेतात, म्हणून तर दरवर्षी निवडून येतात).

"शेजारच्या मंडळाकडं कुठला हाय?"

"तिसरा."

"मग आपुन चौथा आणू की! इज्जतीचा सवाल हाय."

वर्ग वरचा म्हटल्यावर सुरक्षा अधिकारी आलाच. चादरीच्या दुकानात बसणाऱ्या मल्लिनाथची निवड एकमतानं झाली, कारण सभेत चष्मा त्याला एकट्यालाच होता. म्हणजे डोळ्यांचा अनुभव आहेच.

मल्लिनाथनं मात्र ते मनावर घेतलं. लेझीमच्या पहिल्या रांगेत त्याची सृष्टी होती आणि ट्रॅक्टरवरचा लेझर नेमका त्याच रांगेच्या तोंडावर येणार होता. बापाचा जीव, तुटणारच. त्यानं दोनच नियम मांडले: किरण माणसांच्या डोक्यावरून जावा, आणि यंत्राजवळच्यानं किरणाच्या रंगाला जुळणारा सुरक्षा चष्मा घालावा, साधा गॉगल चालणार नाही.

मंडळानं चष्मा आणला. एक. हिरव्या किरणासाठी नारिंगी काचांचा, मोठा देखणा. एवढी भारी वस्तू लेझरवाल्याला कोण देतं? शाल, श्रीफळ आणि सुरक्षा चष्मा देऊन प्रमुख पाहुण्यांचा सत्कार झाला. मग त्यांच्या नाकावरून काढून माजी अध्यक्षांचा, मग वर्गणी जास्त देणाऱ्यांचा. शेवटी चष्मा पुसून खोक्यात गेला. लेझर सुरू झाला तो त्यानंतर.

"अध्यक्ष, किरण वर घ्या ओ! पोरी समोर हायत!" मल्लिनाथनं हाक दिली.

"वर घेतल्यावर दिसणार कुणाला, अण्णा? आन् डोळे मिटता येत्यात की."

(डोळा मिटायला पाव सेकंद लागतो. चौथ्या वर्गाचं काम त्याआधीच उरकतं. इतकी तत्परता कुठल्या खात्यात दाखवा.)

मंडळाच्या पाहणीनुसार शंभरातल्या अठ्ठ्याण्णव लोकांना लेझर लई आवडला. उरलेले दोघे डोळे चोळत असल्यानं त्यांचं मत घेता आलं नाही. मल्लिनाथनं हात हलवून ओरडून पाहिलं, तर पब्लिकला वाटलं, अण्णा नाचायला लागले. शेवटी त्यानं रस्त्यालगतच्या आपल्या दुकानातून एक डबल चादर ओढून आणली, लेझरकडं पाठ केली आणि पोरींसमोर ती दोन्ही हातांनी ताणून धरली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांच्या मते चादर हा मंडळाचा नवा आयटम होता.

"पप्पा, लोकं हसायलेत," सृष्टी पुटपुटली.

"हसू दे. तू खाली बघ."

इतक्यात अध्यक्ष नवा मोबाईल घेऊन स्टेटससाठी व्हिडिओ काढायला पुढे आले. किरण कॅमेऱ्यावर पडला आणि पडद्यावर कायमची एक जांभळी रेघ उमटली.

"आरं, बंद करा ते! माजा फोन गेला की!"

मिरवणूक जागच्या जागी थांबली. जे बापाच्या घशानं झालं नाही, ते एका रेघेनं केलं. लेझर आभाळाकडं वळवण्यात आला आणि तिथंच ठराव झाला: यापुढे मोबाईलच्या सुरक्षिततेसाठी किरण कायम वर ठेवावा.

"आन् डोळ्यांचं?" मल्लिनाथनं चादर गुंडाळत विचारलं.

"डोळे दोन असत्यात, अण्णा. फोन एकच हाय."

मल्लिनाथनं चादर खांद्यावर टाकली. पोरीचे डोळे शाबूत होते, त्याला तेवढं पुरे होतं. आणि अध्यक्षांना हसायची घाई तुम्हीही करू नका. मिरवणुकीतल्या लेझरचा व्हिडिओ तुम्हीही काढलाय, आणि हे वाचल्यावर तुम्ही आधी कॅमेराच तपासणार आहात.