किसनतात्यांच्या सुऱ्या

किसनतात्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नव्हता. उजव्या हातावर मात्र जंगल. नवख्या माणसाला वाटायचं, बिचाऱ्याला भाजलंबिजलं असावं. तसलं काही नाही. तात्या सुरीला धार लावायचे आणि लागली का ते स्वतःच्या हातावर बघायचे. केस उडाले की सुरी पास. आता एका हाताचे केस ते किती पुरणार? मग त्यांची नजर दुसऱ्यांच्या हातांकडे वळायची. माझ्या नवऱ्यानं एकदोनदा हात दिला आणि मग पूर्ण बाह्यांचे शर्ट शिवून घेतले.

निमगाव केतकीत आमची आणि त्यांची भिंतीला भिंत. नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल, मी नुकती लग्न होऊन आले होते. दारातल्या दगडावर सुरी घासत बसले, तर तात्या धावतच आले.

"अगं सूनबाई, सुरी हाय का तवा हाय ती?"

नाव विचारणं नाही, माहेर विचारणं नाही. माझ्या हातातली सुरी घेतली, एक डोळा मिटून उजेडाला धरली, नखानं टिचकी मारली आणि म्हणाले, "मेलीय." मला असा राग आला म्हणता! पण संध्याकाळी तीच सुरी धार लावून परत आली आणि माझा टोमॅटो जन्मात पहिल्यांदा न चिरडता कापला गेला. मग काय बोलणार?

तात्या बारामतीच्या एसटी डेपोत फिटर होते, तिथून रिटायर झालेले. लेक उज्ज्वला लहान असतानाच बायको गेली, तेव्हापासून स्वयंपाक त्यांचाच. हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, जुन्या पात्यांपासून घरीच सुऱ्या बनवलेल्या. कांद्याची वेगळी, लिंबाची वेगळी, मिरचीची वेगळी. कांद्याची सुरी लिंबाला लागली तर घरात सुतक. खिशात मुडपायचा चाकू असायचा, तो फक्त पेरूसाठी. एकदा मी सुतळी कापायला तो मागितला, तर या गृहस्थानं सुतळी दातांनी तोडून दिली! "जिचं काम तिलाच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आठवडी बाजारातला सुऱ्यावाला तात्या लांबून दिसले की मालावर पोतं ओढायचा.

आणखी एक. तात्यांच्या वडलांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे गंडेदोरे चुलीत घातले होते. तात्याही त्याच वळणाचे. बुद्धाचा फोटो आमच्याही घरात होता, पण सासूबाईंचं आपलं थोडं तळ्यात, थोडं मळ्यात. दाराला लिंबू-मिरची दिसली की तात्या बाहेरूनच ओरडायचे, "वैनी, लिंबाचं सरबत करा न् मिरचीचा ठेचा!"

उज्ज्वला कोऱ्हाळ्याला दिलेली. तिचं पहिलं बाळ आठवड्याच्या आत गेलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा तात्या तिला घेऊनच आले. पोरगी झोपेत दचकून उठायची. तेच गेलेलं बाळ दिसायचं तिला. सकाळी बघावं तर डोळे सुजलेले. शेवटी सासूबाई तात्यांना म्हणाल्या, "भावजी, तिच्या उशाखाली सुरी ठेवा. वाईट सपान पडत न्हाय. पोटातल्या जिवालाबी बाधा व्हत न्हाय."

तात्या असे उसळले!

"सुरी? उशाखाली? सुरीचं काम चिरायचं, वैनी! राखण करायला ती काय वॉचमन हाय? आन घामानं गंज चढला म्हंजी?"

त्यांना राग अंधश्रद्धेचा आला की गंजाचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी आत जाऊन पोटभर हसून घेतलं.

पुढं बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी उज्ज्वलाला तपासलं आणि म्हणाल्या, बाळाची वाढ कमी आहे, फार जपायला हवं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या आमच्या ओसरीवर येऊन बसले. सासूबाई गवार मोडत होत्या. तात्या बराच वेळ उसाच्या तोडीबद्दल बोलले. त्यांच्या घरात कुणाचा ऊस नव्हता की काही नव्हतं. मग घसा खाकरून म्हणाले,

"वैनी, डेपोत माझ्यासंगं एक जण हुता. येडपट. असल्या गोष्टींवर इस्वास त्येचा. त्यो इचारत हुता..."

"काय विचारत होता?" मी म्हटलं.

"ती उशाखालची सुरी. तिची धार कुणीकडं करायची असती?"

मी तोंडाला पदर लावला. गावभर सुरीवर व्याख्यानं देणारा माणूस हे विचारत होता! टोमणा अगदी जिभेवर आला होता. सासूबाईंनी माझ्याकडे असं काही बघितलं की तो मी मुकाट गिळला.

"धार भिताडाकडं," त्या म्हणाल्या. "आन त्येला म्हणावं, भ्यायचं न्हाय."

"भ्यालाय त्यो, वैनी," तात्या खाली बघत म्हणाले. "लई भ्यालाय."

उज्ज्वलाची सुटका झाली त्या दिवशी तात्या बारामतीहून पहिल्या गाडीनं आले आणि अंगणातूनच ओरडले, "पोरगी झाली! दोघीबी खुशाल हायत!"

सासूबाई साखर आणायला उठल्या. तात्यांचं आपलं चालूच. "डॉक्टरीणबाई लई हुशार, वैनी. सगळं तिचंच. दुसऱ्या कशाचा काय बी संबंध न्हाय."

"काय बी न्हाय," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय तात्या, डॉक्टरीणबाईच हुशार," मीसुद्धा म्हटलं आणि त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तात्यांनी तो तोंडापर्यंत नेला. मग तसाच खाली ठेवला, खांबाला टेकून खाली बसले आणि हमसून हमसून रडले.