शेवंतीचा चहा आणि संस्थापकांचा फोटो

बायकोच्या दुकानात आपण जरा लक्ष घालावं, असं मला वाटलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं. (मला काही 'वाटलं' की शेजारचे लोकसुद्धा दारं लावून घेतात, असं बायकोचं म्हणणं आहे.)

दुकान म्हणजे ऑनलाइन. इथे हामयांगच्या डोंगरउतारावर माझी बायको मिरान शेवंती लावते, फुलं वाफवून वाळवते आणि तो शेवंतीचा चहा इंटरनेटवर विकते. मी आपला निवृत्त होईपर्यंत नगरपालिकेत, रस्त्यांवरच्या पाट्यांच्या खात्यात. कुठली पाटी कुठे लावली म्हणजे माणूस चुकत नाही, हे ठरवण्यात माझी हयात गेली. (हामयांगमध्ये तुम्ही कधी चुकला असाल, तर तो माझाच काळ.)

यंदा फूल भरघोस आलं, पण गिऱ्हाईक नाही. चहा खपला नाही तर मळा शेजारच्या कांदेवाल्याला भाड्याने द्यायचा, असं मिरानने ठरवून टाकलं होतं. तसं बोलायची नाही ती, पण संध्याकाळी मळ्याच्या बांधावर उगीचच उभी राहायची. गंमत म्हणजे लोक दुकानात यायचे, हिंडायचे आणि काही न घेता निघून जायचे. येतात ते कॉम्प्युटर सांगतो. जातात का, ते सांगत नाही. आणि मला कुतूहल त्याचंच!

मग मी सासूबाईंना गाठलं. त्यांच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, "आई, यातून एक डबा चहा विकत घेऊन दाखवा. मी काही सांगणार नाही, नुसता बघणार."

"इश्श! घरात पोतंभर आहे की!"

"समजा, नाहीये."

सासूबाईंनी चष्मा चढवला. दुकान उघडताच पडद्यावर पाकळ्या गळायला लागतात, ही मिरानच्या भाचीची कलाकुसर. सासूबाईंनी बाहीने काच पुसली. पाकळ्या पुन्हा गळल्या. त्यांनी पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा त्या ओल्या फडक्यासाठी उठल्या, तेव्हा मी त्यांना बसवलं.

"बरं, आता बटण कुठे दिसतंय का?"

"एक दिसतंय. 'शरद ऋतू घरी न्या' म्हणतंय."

"हां, तेच दाबा!"

"शरद ऋतू काय करायचाय मला, जावईबापू? मला चहा हवाय."

मी आनंदाने ओरडलोच! लोक का पळतात ते कळलं होतं. दुकानात चहा होता, पण पाटी नव्हती! आणि पाट्या हा तर माझा प्रांत.

कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून मी पाकळ्या उडवल्या. अक्षरं मोठी केली. 'शरद ऋतू' काढून 'विकत घ्या' लिहिलं. मागची सगळी रंगीबेरंगी नक्षी घालवून पांढरं स्वच्छ पान केलं. मग कुठेतरी वाचलं, की दुकानदाराचा चेहरा दिसला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. मिरान फुलं वाफवण्यात गुंतलेली. म्हणजे चेहरा उरला माझा.

गावातल्या फोटोवाल्याकडून काळ्या सुटात फोटो काढून घेतला. तांदळाच्या दारूने माझं नाक जरा लालसर असतं, म्हणून फोटो कृष्णधवल. मागे आपलीच पांढरी शेवंती. पांढऱ्या पानावर उठून दिसावा म्हणून भोवती काळी चौकट आणि खाली माझ्याच लेखणीतून उतरलेली ओळ: 'आमचे संस्थापक प्यो जुंगह्यन. जगाची दगदग संपवून ते आता डोंगराच्या कुशीत, आपल्या लाडक्या फुलांमध्ये विसावले आहेत.' (निवृत्ती इतक्या सुंदर शब्दांत नगरपालिकेत कोणी मांडली नसेल.)

सासूबाईंना दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग उसासा टाकून म्हणाल्या, "बरं केलंत हो. वेळेवर धावपळ नको. मीही माझा काढून ठेवलाय."

त्यांनाही दुकानात झळकायचंय, असं मला वाटलं. म्हटलं, "तुमचाही लावू की, आई!"

"अहो, इतकी घाई नाहीये मला," त्या म्हणाल्या.

आणि काय सांगू! ऑर्डरींचा पाऊस पडला. एका डब्याऐवजी लोक चार-चार डबे मागवायला लागले. मी छाती काढून अंगणात फिरायला लागलो. मिरान मात्र ऑर्डरीसोबत येणारे निरोप वाचून बुचकळ्यात पडायची.

"अहो, ही बाई लिहितेय, 'ताई, वेळेवर जेवत जा.' मला कशाला?"

"चांगल्या मांडणीने माणसाचं मन हळवं होतं."

"आणि हा म्हणतो, 'एकटीने एवढं सांभाळता, धन्य आहे तुमची.' एकटी कुठे? तुम्ही आहात ना?"

"त्याला खरी परिस्थिती कळलेली दिसतेय," आतून सासूबाई म्हणाल्या.

इतकी प्रेमळ गिऱ्हाइकं आली कुठून, हे कोडं मला सुटेना. ते सोडवायला एक बाई थेट तेजॉनहून बस पकडून आल्या. काळे कपडे, हातात पांढरं पाकीट. मी चिखलाचे बूट घालून फाटकाशी उभा होतो. मला पाहून त्या दचकल्याच.

"तुम्ही... धाकटे भाऊ का?"

"कोणाचे?"

"संस्थापकांचे. चेहरा अगदी तोच. फक्त नाक वेगळं."

"अहो, मीच संस्थापक!"

बाईंनी माझ्याकडे अतिशय दयेने पाहिलं. मग माझा हात थोपटत म्हणाल्या, "होतं असं. माझे हे गेले, तेव्हा माझ्या दिरालाही धक्का बसला होता. वहिनी आहेत का घरात?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. काळी चौकट, पांढरी शेवंती, डोंगराची कूस! आमच्याकडे हे सगळं एकत्र बघायला मिळतं ते फक्त मयताच्या दिवशी. मी माझ्या हाताने स्वतःला पुरून वर ओळसुद्धा कोरली होती.

मिरानला सांगितलं. ती आधी फुलांच्या सुपांमध्ये बसून पोट धरधरून हसली. मग एकदम तिचा चेहरा उतरला.

"अहो, म्हणजे हा चहा लोकांनी रडत रडत घेतला. हे फसवणं झालं."

"हंगाम संपेपर्यंत मी जरा..." मी चाचरत म्हटलं, "म्हणजे, गेलोच आहे, तर..."

"आजच्या आज जिवंत व्हा!" मिरान कडाडली. "मळा गेला तर जाऊ दे. कोणाच्या अश्रूंवर नाही चालवायचा मला."

पाहुण्या बाईंना दुखवट्याच्या पैशांचं पाकीट परत केलं, जेवू घातलं. त्या चहाचे डबे घेऊन गेल्या, पण मला पुन्हा पुन्हा वळून बघत होत्या. मग आम्ही एकेका गिऱ्हाइकाला कळवलं, हवं तर पैसे परत घ्या म्हणून. नवा रंगीत फोटो लावला, लाल नाकासकट, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी जिवंत आहे. क्षमस्व.'

मिरान फोन हातात धरून बसली होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी मळ्याकडे बघत होतो. एकेक उत्तर यायला लागलं. थोड्यांनी पैसे परत मागितले. बाकीचे हसले, अभिनंदन केलं आणि चहा ठेवून घेतला. काहींनी तर आणखी मागवला. कांदेवाल्याला मिरानने स्वतः जाऊन नाही म्हणून सांगितलं आणि येताना गुणगुणत आली.

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिला अभिप्राय झळकला. पाचपैकी चार तारे. मी उत्सुकतेने मोठ्याने वाचायला लागलो:

'चहा उत्तम. बांधणी उत्तम. दुकान वापरायला अगदी सोपं. एक तारा कापला, कारण नवरा वर्णनाप्रमाणे निघाला नाही.'