सील पुढच्या दाराला

साहेब, दगड चौकात पडले आणि कुलूप तुम्ही अयूबच्या कॅफेला ठोकलं! दगड मारणाऱ्यांनी जन्मात माउस हाती धरला नव्हता, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. फक्त तुम्हालाच नव्हतं.

चौकातला फलक कोणी फाडला यावरून दोन गट भिडले, आणि वरून फर्मान सुटलं : अफवा पसरतात, इंटरनेट बंद. मूल शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात इंटरनेट म्हणजे अयूबच्या घराच्या पुढच्या खोलीतले तीन कॉम्प्युटर. तुमच्या कचेरीचा शिपाई बिरजू आला, शटरला लाखेचं सील लावलं आणि सुलतानाभाभीच्या हातचा चहा पिऊन गेला.

दोन दिवसांनी देवरावची रिना धापा टाकत आली. "चाचा, इंजिनिअरिंगचा फॉर्म आज पाचपर्यंत भराचा हाय. नाई भरला तं साल गेलं माझं!"

"सील दिसून नाई राह्यलं का तुले? तोडलं तं मले आत टाकतीन."

"मूलले जाऊ का मंग?"

"कायनं जाशीन? एस.टी. बंद हाय."

देवराव तणतणत कचेरीत गेला. तिथं साहेबच कपाळाला हात लावून बसलेले.

"अहो, वरून फोन आला, बंदी सकाळीच उठली. पण आदेश मेलवर आलाय. त्याची प्रिंट फाइलला लागल्याशिवाय सील काढता येत नाही."

"मंग काढा ना जी प्रिंट!"

साहेबांनी कोपऱ्याकडे पाहिलं. कचेरीच्या कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर दसऱ्याचं हळदकुंकू आणि वाळका झेंडू. त्याला फोनची तार कधी जोडलीच नव्हती. कचेरीचा मेल बिरजूच अयूबकडे जाऊन काढून आणायचा.

"म्हंजे सील काढाले कागद पायजे, अन् कागद सिलाच्या आत!" देवराव कडाडला. "वा रे अक्कल!"

चार वाजून गेले तेव्हा साहेब, मागोमाग देवराव आणि रिना, अयूबच्या परसात उभे होते. सील होतं शटरला. स्वयंपाकघरातून कॅफेत जाणारं दार तसंच उघडं होतं. बिरजूचा चहा तिथूनच तर आला होता!

"कुणाला कळता कामा नये," साहेब कुजबुजले.

"साब, बूट काढा, आत्ताच पोछा मारला," सुलतानाभाभी म्हणाली.

साहेब मोजे सांभाळत, वाळत घातलेले पापड ओलांडत आत शिरले. "आधी मेल!"

"लाइन एकच हाय," अयूबनं खुर्ची पुढे केली. "पोरीचं साल चाललं. तुमी चाय घ्या."

मोडेम केकाटू लागला. बाहेर शेजारीण गिरजाबाई थबकली. "सील केल्या दुकानात कोन बोंबलून राह्यलं वं?" परसात साहेबांचे बूटही दिसले. तेवढं पुरलं. गल्लीच्या टोकाला जाईस्तोवर बातमी झाली : अयूबनं साहेबाले कोंडलं! इंटरनेटवाचून अफवा अशी पळाली, की दोन्ही गट धावून आले. परवा एकमेकांची डोकी फोडणाऱ्यांनी खांद्याला खांदा लावून शटर उचकटलं. सील गेलं उडत.

आत साहेब मोजे घालून चहा पीत होते, आणि रिना नाचत होती. "भरला! बाबा, फॉर्म भरला!"

आठ दिवसांत अयूबला नोटीस आली. बंदीकाळात इंटरनेट चालवलं, सील तोडलं, लेखी खुलासा करा. खाली सही त्याच साहेबांची.

अयूब खुलासा देईलच. पण साहेब, त्याआधी भर चौकात येऊन तुम्ही सांगा : त्या दिवशी पापड ओलांडून आत शिरलेलं गिऱ्हाईक कोण होतं? बोला!