कोणत्या दारानं आलास

कुणाची चाहूल लागली की सेतुराव सार डोळे मिटून घेतात. माणूस बाकावर टेकला की उघडतात आणि म्हणतात, "आलास? बैस." तो कोणत्या दारानं आला, हे त्यांना बघायचंच नसतं.

सार म्हणजे सर. तंजावुरात आम्ही असंच म्हणतो. त्यांच्या हॉलला दोन दारं. एक रस्त्याकडे, एक कोल्लैकडे, म्हणजे परसात. दोन्ही दिवसभर सताड उघडी. गॅसवाल्यालाही नियम तोच. एकदा टपालवाल्यानं सही मागितली, तर मिटल्या डोळ्यांनी सारांनी त्याच्या तळहातावर केली.

सार कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. अजूनही कुणी सापडला की काळ्या कागदाला ब्लेडनं दोन चिरा पाडतात आणि त्यांतून लेझरचा उजेड भिंतीवर सोडतात. पट्टे उमटतात.

"प्रकाशाचा एकेक कण सोडला तरी शेवटी पट्टेच होतात. जणू प्रत्येक कण लाट होऊन दोन्ही चिरांतून जातो! पण कोठून गेलास म्हणून तपासायला जा, पट्टे गायब. विचारलं की नक्षी मोडते रे."

"पण सार, माणूस काय कण आहे?"

"तूंहि लाटच आहेस, गोपू. वजन वाढेल तशी लाट बारीक होते. तुझं पोट बघतां ती दिसायची आशा नाही."

मी हसायचो. पण कोल्लैच्या दाराकडे नजर गेली की हसू थांबायचं. बी.एस्सी.ला असताना एका दुपारी त्याच दारानं शिरून मी सारांच्या कपाटातला परीक्षेचा पेपर उतरवून घेतला होता. पहिला आलो. त्यावर नोकरी लागली. आज पन्नाशी उलटली. दर शनिवारी त्यांच्याकडे कॉफी प्यायलो, पण हे सांगायचं धैर्य झालं नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या पुतण्यानं ते दार विटांनी बुजवायचं ठरवलं आणि सारांना पटवायचं काम माझ्यावर टाकलं.

"बुजवू द्या, सार," मी म्हणालो. "एकटे असता. चोर शिरेल."

"एकदाच शिरला होता."

माझ्या हातातला टंबळर कलंडला. गरम कॉफी मांडीवर सांडली.

"झोपाळ्यामागं चटईवर पडलो होतो मी," सार शांतपणे म्हणाले. "तुला पाहिलं. मग डोळे मिटले."

"मग... पेपर का नाही बदललात?"

"बदलला असता तर तुला कळलं असतं, मी पाहिलं ते. मग तूं पुन्हा आला असतास? मला दुसरं कोण होतं?" ते भिंतीकडे बघत राहिले. "त्या पायी कोण्या दुसऱ्या पोराचा नंबर गेला. तें पाप माझं. तेव्हापासून येणाऱ्याकडे बघवत नाही."

इतकी वर्षं मी समजत होतो, ओझं मी एकटाच वाहतो आहे. क्षमा मागायला तोंड उघडलं. पण ती न मागताच उठलो.

पुढच्या शनिवारी कोल्लैत विटा येऊन पडल्या होत्या. त्यांना वळसा घालून मी आत शिरलो. सारांनी डोळे मिटले. मी बाकावर बसलो नाही. त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"सार, मी गोपाळ. मागच्या दारानं आलोय."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

"मोडलीस की रे नक्षी," ते म्हणाले, आणि आपली अर्धी कॉफी माझ्यासाठी डबऱ्यात, टंबळरखालच्या वाटीत, ओतली.